वृत्तपत्रविषयक कायदे व व्यावसायिक नीतिमत्ता

वृत्तपत्रे व इतर नियतकालिके यांची नोंदणी, मुद्रण, प्रकाशन व वितरण यांचे नियमन करणाऱ्या, तसेच त्यांत प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची जबाबदारी निश्चित करणाऱ्या विधिनियमांना सामान्यतः वृत्तपत्रविषयक कायदे म्हणतात. वृत्तसंकलन, संपादन व प्रसिद्धी यांबाबत पत्रकारांनी स्वेच्छेने मान्य केलेल्या आचारनियमांचा समावेश व्यावसायिक नीतिमत्तेत होतो. कायद्याचे पालन शासनसंस्था व न्यायालये करवून घेतात, नीतिनियमांचे पालन मुख्यतः व्यवसायाची सदसद्‌विवेकबुद्धी व वाचकांचा विश्वास यांवर अवलंबून असते. ही दोन्ही क्षेत्रे परस्परांना छेदतात, परंतु ती एकरूप नाहीत. कायद्याने गुन्हा न ठरणारी बातमी नीतिदृष्ट्या गर्हणीय असू शकते. उलट लोकहितासाठी प्रसिद्ध केलेली सत्य माहितीही एखाद्या कायद्याच्या कक्षेत सापडू शकते. प्रसिद्धी योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडे असावा, न्यायालयाकडे असावा, की व्यवसायाकडेच असावा, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये मुद्रणासाठी परवाना घेण्याची सक्ती १६९५ साली संपुष्टात आली आणि प्रसिद्धीपूर्वी बंधन नको, प्रसिद्धीनंतर मात्र कायद्यानुसार जबाबदारी, हे तत्त्व तेथे रूढ झाले. स्वीडनने १७६६ साली मुद्रणस्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेच्या संविधानातील पहिली दुरुस्ती (१७९१) ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची सर्वांत प्रसिद्ध सनद आहे.

भारतात जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्ता येथे पहिले मुद्रित वृत्तपत्र काढले. कंपनी सरकारातील वरिष्ठांवरील टीकेमुळे त्याला दंड, कैद व अखेर छापखान्याची जप्ती यांना तोंड द्यावे लागले. लॉर्ड वेलस्ली याने १७९९ मध्ये वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण (सेन्सॉरशिप) लादले. १८२३ च्या परवाना नियमांविरुद्ध राजा राममोहन रॉय यांनी निवेदने दिली. ती निष्फळ ठरल्यावर त्यांनी आपले फार्सी पत्र बंद केले. चार्ल्स मेटकाफ याने १८३५ साली हे निर्बंध दूर केले. बाळशास्त्री जांभेकर यांचे दर्पण हे पहिले मराठी वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, ते या दोन घटनांच्या दरम्यान होय.

१८५७ च्या उठावानंतर परवानापद्धती काही काळ पुन्हा आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने अब्रुनुकसानीस गुन्हा ठरविले. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथ नोंदणी अधिनियमाने मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करणे आवश्यक केले आणि १८७० साली दंड संहितेत राजद्रोहाचे कलम १२४ अ घालण्यात आले. लॉर्ड लिटन याच्या १८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र अधिनियमाने इंग्रजी पत्रे वगळून केवळ देशी भाषांतील पत्रांवर बंधने घातली. त्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी अमृत बझार पत्रिका हे बंगाली पत्र तातडीने इंग्रजीत निघू लागले. लॉर्ड रिपन याच्या काळात, १८८२ साली, हा कायदा रद्द झाला.

मराठी वृत्तपत्रांचा कायद्याशी आलेला संबंध दोन प्रकारच्या खटल्यांतून स्पष्ट होतो. पहिला कोल्हापूर प्रकरणाचा (१८८२). कोल्हापूरच्या महाराजांना दिवाणाकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयी केसरी व मराठा या पत्रांनी हाती आलेल्या पत्रांवर विसंबून कठोर टीका केली. ती पत्रे बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले. संपादकांनी क्षमायाचना केली, तरी बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात भोगली. हेतू शुद्ध असला, तरी कागदपत्रांची सत्यता पडताळण्याच्या कर्तव्यातून संपादक मुक्त होत नाही, हा धडा या प्रकरणाने घालून दिला.

दुसरा प्रकार राजद्रोहाच्या खटल्यांचा. १८९७ साली न्या. स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावल्याने राजद्रोहाची व्याप्ती अतिशय वाढली आणि टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली मुझफरपूरच्या बाँबप्रकरणानंतर लिहिलेल्या लेखांबद्दल न्या. दावर यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी काळ या पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. कोल्हापूर प्रकरणात प्रश्न वृत्ताच्या सत्यासत्यतेचा होता; येथे तो राज्यकर्त्यांविषयीच्या मताचा होता. वृत्तपत्रांवरील बंधनांचा विचार करताना हा भेद नेहमी लक्षात ठेवावा लागतो. १९१० च्या वृत्तपत्र अधिनियमाने जामीनरक्कम मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार शासनाला दिला. तेज बहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून तो १९२२ मध्ये रद्द झाला, तथापि १९३१ च्या कायद्याने तत्सम अधिकार पुन्हा निर्माण झाले. गोव्यात सालाझारच्या राजवटीत नियतकालिकांना प्रसिद्धीपूर्व तपासणी सक्तीची होती. १९६१ मधील मुक्तीनंतर तेथे भारतीय संविधान व कायदे लागू झाले.

संविधानातील स्थान : भारतीय संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख नाही, अनुच्छेद १९ (१) (क) अन्वये नागरिकांना असलेल्या भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यात ते अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. त्यामुळे संपादकाचा हक्क हा सामान्य नागरिकाच्या हक्काहून मोठा नाही व लहानही नाही. मुंबईहून निघणाऱ्या क्रॉस रोड्स या साप्ताहिकास मद्रास राज्यात घातलेली बंदी १९५० साली रमेश थापर खटल्यात रद्द ठरली आणि अभिव्यक्तीत प्रसाराचे स्वातंत्र्यही येते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व गुन्ह्यास चिथावणी ही कारणे अनुच्छेद १९ (२) मध्ये समाविष्ट केली; मात्र निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, अशी मर्यादाही त्याच दुरुस्तीने घातली. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व व अखंडता यांची भर पडली. या यादीत ‘लोकहित’ असे सर्वसाधारण कारण नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तिचे महत्त्व सकाळ पेपर्स खटल्यात (१९६१) प्रत्ययास आले. १९५६ चा वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियम व त्याखालील १९६० चा आदेश यांनी पृष्ठसंख्येनुसार दैनिकाची किमान किंमत ठरवून दिली होती. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांना संरक्षण देणे, हा त्यामागील उद्देश. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ साली पुण्यात सुरू केलेल्या सकाळ या दैनिकापुढे किंमत वाढवावी किंवा पाने कमी करावीत, असे दोनच मार्ग उरले. किंमत वाढली की वाचक घटतात व पाने घटली की मजकूर घटतो. दोन्ही प्रकारे अभिव्यक्तीचाच संकोच होतो, असे सांगून न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. व्यवसायस्वातंत्र्यावर लोकहितार्थ निर्बंध घालता येतात, म्हणून त्याच मार्गाने अभिव्यक्तीवर ते घालता येणार नाहीत, हे या निर्णयाचे सार होय. बेनेट कोलमन खटल्यात (१९७२) वृत्तपत्रांची पृष्ठसंख्या मर्यादित करणारे कागदवाटपाचे धोरण याच विचाराने अवैध ठरले. मोठ्या भांडवलापुढे लहान पत्रे कशी टिकावीत, हा मूळ प्रश्न मात्र या निर्णयांनी सुटला नाही.

आणीबाणीचा अनुभव : २६ जून १९७५ रोजी देशभर अभ्यवेक्षण लागू करण्यात आले. फ्रीडम फर्स्ट या मुंबईतील नियतकालिकाचे संपादक मिनू मसानी यांनी, आपला काही मजकूर अडविण्याच्या आदेशांस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७६ साली न्यायालयाने ते आदेश रद्द केले. अभ्यवेक्षकाचे अधिकार आदेशात नमूद केलेल्या प्रयोजनांपुरतेच असून शासनाशी असलेला प्रामाणिक मतभेद दडपण्यासाठी ते वापरता येत नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित असतानाही साध्या कायद्याच्या मर्यादा शासनावर बंधनकारक राहतात, हे या निर्णयाने दाखविले. आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनास प्रतिबंध करणारा १९७६ चा अधिनियम १९७७ मध्ये रद्द झाला. संसदेच्या कामकाजाचे वृत्त देण्यास १९५६ च्या अधिनियमाने दिलेले संरक्षण आणीबाणीत काढून घेण्यात आले होते. ते १९७७ मध्ये पुन्हा देण्यात आले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१ क अन्वये त्यास संविधानात स्थान मिळाले.

प्रमुख कायदे : (१) नोंदणी : १८६७ च्या अधिनियमाची जागा २०२३ च्या वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियमाने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला. नोंदणी संगणकीय पद्धतीने होते व दंडाधिकाऱ्यासमोरील प्रतिज्ञापनाची पद्धत संपली आहे. ग्रंथ या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहेत. दहशतवादी कृत्य, बेकायदेशीर कारवाया इ. गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तीस नियतकालिक काढता येत नाही.

(२) अब्रुनुकसानी : एखाद्याच्या लौकिकास बाध येईल असे खोटे विधान प्रसिद्ध केल्यास दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते, हा कायदा संहिताबद्ध नसून न्यायनिर्णयांतून घडला आहे. फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तीत दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा या शिक्षा आहेत. फौजदारी कायद्यात केवळ सत्यता हा पुरेसा बचाव नाही. प्रसिद्धी सार्वजनिक हिताची होती, हेही दाखवावे लागते. सार्वजनिक कार्यावरील प्रामाणिक टीका व न्यायालयीन कामकाजाचे यथार्थ वृत्त इत्यादींना अपवादांचे संरक्षण आहे. फौजदारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली वैध ठरविली. आर्. राजगोपाल खटल्यात (१९९४) त्याच न्यायालयाने शासकीय अधिकाऱ्यांच्या अधिकृत वर्तनावरील लिखाणाबाबत अधिक व्यापक मोकळीक मान्य केली व शासनाला स्वतःची बदनामी झाली म्हणून दावा लावता येणार नाही, असे म्हटले.

(३) राज्याविरुद्धचे गुन्हे : केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) राजद्रोहाचे कलम वैध ठरले, परंतु हिंसेस चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडविण्याची प्रवृत्ती असलेल्या मजकुरापुरतेच ते मर्यादित करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी या कलमाखालील कारवाई स्थगित ठेवली. नव्या संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. तथापि सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसंबंधीचे कलम १५२ पुष्कळ व्यापक आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अद्याप अंमलात असून २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने त्याची धार काहीशी कमी केली आहे.

(४) न्यायालयाचा अवमान : १९७१ च्या अधिनियमानुसार न्यायदानात अडथळा आणणारा किंवा न्यायालयाची अप्रतिष्ठा करणारा मजकूर शिक्षापात्र आहे. २००६ च्या दुरुस्तीने, लोकहितार्थ व सद्‌हेतूने केलेल्या विधानाबाबत सत्यतेचा बचाव मान्य झाला. मुंबई उच्च न्यायालयातील ब्लिट्झ साप्ताहिकाच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करू नये, असा आदेश देण्यात आला होता. न. श्री. मिरजकर खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वैध ठरविला, न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र त्याविरुद्ध मत नोंदविले. खुल्या न्यायदानाचा वृत्तांत हा लोकांचा हक्क आहे, हा विचार त्या भिन्नमतात प्रभावीपणे व्यक्त झाला आहे.

(५) व्यक्तीच्या ओळखीचे संरक्षण : बलात्कारपीडित व्यक्तीची ओळख प्रकट करण्यास १९८३ पासून बंदी असून ती आता न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण (२०१२) व बालन्याय (२०१५) या अधिनियमांनी बालकांचे नाव, छायाचित्र, पत्ता, शाळा इ. तपशील देण्यास मनाई केली आहे. नाव गाळूनही गाव, नातेवाईक व शाळा यांचा उल्लेख केल्यास कायद्याचा हेतू विफल होतो. ग्रामीण वार्ताहरांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते, कारण लहान गावात एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखली जाते.

यांखेरीज १९५७ चा लेखाधिकार अधिनियम व विधिमंडळांचे विशेषाधिकार यांचाही वृत्तपत्रांशी नित्य संबंध येतो. पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली स्वतंत्र कायदा संमत केला. त्यास पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

वृत्तपत्र परिषद : न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२–५४) केलेल्या शिफारशीनुसार १९६५ च्या अधिनियमान्वये ४ जुलै १९६६ रोजी भारतीय वृत्तपत्र परिषद अस्तित्वात आली. न्या. ज. रा. मुधोळकर हे तिचे पहिले अध्यक्ष. आणीबाणीत ती बरखास्त झाली व १९७८ च्या अधिनियमान्वये १९७९ मध्ये पुन्हा स्थापन झाली. अधिनियमानुसार अध्यक्षाव्यतिरिक्त तिचे २८ सदस्य असतात : १३ श्रमिक पत्रकार (त्यांत सहा संपादक), सहा वृत्तपत्रचालक, वृत्तसंस्थांचा एक, संसदेचे पाच आणि विद्यापीठ अनुदान आयोग, भारतीय वकील परिषद व साहित्य अकादमी यांचा प्रत्येकी एक.

तक्रारदाराने प्रथम संपादकाला लिहून दुरुस्तीची मागणी करावी लागते. समाधान न झाल्यास दैनिके व साप्ताहिके यांबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत व इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांत परिषदेकडे तक्रार करता येते. दोष आढळल्यास परिषद ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते किंवा निषेध नोंदवू शकते. दंड किंवा भरपाई यांचा अधिकार तिला नाही. न्यायालयात प्रलंबित असलेल्या बाबींची चौकशी ती करीत नाही. चौकशीत पत्रकारास वृत्ताचा उगम सांगण्याची सक्ती परिषदेला करता येत नाही. न्यायालयांपुढे मात्र असे वैधानिक संरक्षण नाही. ते द्यावे, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या ९३ व्या अहवालात (१९८३) केली होती.

परिषदेच्या दुर्बलतेवर नेहमी टीका होते. जिच्या निर्णयास शिक्षेचे बळ नाही, तिचा धाक कोण धरणार, असा आक्षेप घेतला जातो. याउलट शिक्षेचा अधिकार दिल्यास शासनाच्या हाती नवे शस्त्र येईल, अशी रास्त भीती आहे. परिषदेचे खरे बळ नैतिक आहे. ज्या पत्रास निषेधाची लाज वाटत नाही, त्याच्यापुढे ते निष्प्रभ ठरते.

नीतिनियम : परिषदेने आपल्या निर्णयांच्या आधारे पत्रकारितेच्या आचाराची मानके संकलित केली आहेत. अचूकता व निःपक्षपात. आरोप प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधितांचे म्हणणे घेणे. चूक आढळताच ठळकपणे दुरुस्ती करणे. उत्तराची संधी देणे. वृत्त, मत व जाहिरात यांतील भेद स्पष्ट ठेवणे. खाजगी जीवनाचा आदर करणे. जातीय तणावाच्या काळात संयम पाळणे. विश्वासाने सांगितलेली माहिती व तिचा उगम गुप्त राखणे आणि भेटी व सवलती नाकारणे, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. संशयितास न्यायालयाच्या निर्णयापूर्वीच गुन्हेगार ठरविणे हा सर्वांत वारंवार घडणारा नीतिभंग होय. अटकेची बातमी पहिल्या पानावर व निर्दोष सुटकेची आतल्या पानावर, किंवा मुळीच नाही, यात कायद्याचा भंग होईलच असे नाही. परंतु त्या व्यक्तीची हानी भरून निघत नाही. सामान्य माणसास अब्रुनुकसानीचा दावा चालविणे परवडत नाही. म्हणूनच त्याच्या दृष्टीने संपादकाची नीतिमत्ता हेच पहिले व बहुधा एकमेव संरक्षण असते.

जाहिरात व वृत्त यांतील सीमारेषा पुसली जाण्याचा गंभीर प्रकार २००९ च्या निवडणुकांत उघडकीस आला. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत एकाच उमेदवाराची स्तुती करणारा एकच मजकूर निरनिराळ्या पत्रांत बातमी म्हणून प्रसिद्ध झाल्याचे पत्रकारांनी दाखवून दिले. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांचा (पेड न्यूज) अभ्यास करण्यासाठी परिषदेने उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० साली पूर्ण झाला, परंतु परिषदेने त्याऐवजी संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर जाहीर झाला. वृत्तपत्रचालकांचे प्रतिनिधी असलेली संस्था चालकांच्या दोषांचा निवाडा कितपत करू शकते, हा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला.

नवी माध्यमे : वृत्तपत्र परिषदेचा अधिकार मुद्रित नियतकालिके व वृत्तसंस्था यांपुरता आहे. दूरचित्रवाणीस १९९५ चा केबल दूरचित्रवाणी जाळे अधिनियम लागू होतो. आंतरजालावरील वृत्तसेवांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली नियम केले. त्यांतील नीतिसंहितेच्या पालनाची सक्ती करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. शासकीय कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी २०२३ ची दुरुस्ती त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. नीतिनियमांना शासकीय सक्तीचे रूप दिले की त्यांचे कायद्यात रूपांतर होते आणि कायद्यास लागू असणाऱ्या संविधानिक कसोट्या त्यांनाही लागू होतात, हे या निर्णयांतून दिसते.

समारोप : कायदा वृत्तपत्राला काय छापता येणार नाही हे सांगतो, काय छापावे व कसे छापावे हे तो सांगू शकत नाही. वृत्तपत्रांनी स्वतःचे दोष स्वतः सुधारले नाहीत, तर कठोर कायद्याची मागणी लोकांतूनच होऊ लागते आणि असा कायदा दोषी पत्रांपेक्षा निर्भीड पत्रांनाच अधिक जाचक ठरतो, असे १८७८ पासूनचा इतिहास दर्शवितो. या दृष्टीने व्यावसायिक नीतिमत्ता ही वृत्तपत्रस्वातंत्र्यावरील मर्यादा नसून त्या स्वातंत्र्याच्या रक्षणाचे एक साधन आहे.